रुमाल टाकलेली खुर्ची

५ जानेवारी

चि. चिमटी,

नाही, गुडघ्यांमुळे नाही. चित्रांतलं मला कळत नाही म्हणूनही नाही. आणि शहराला घाबरते म्हणून तर मुळीच नाही. तू असलं काही विचारलेलं नाहीस हे मला दिसतंय, चष्मा लावूनच वाचलं. पण तुझ्या पत्राचा सूर तसाच आहे. 'आत्या, तुला झेपेल तेव्हा ये.' झेपेल तेव्हा म्हणजे काय? अजून जाड चादर एकटी पिळते मी.

येणार आहे. बघणार आहे तुझं ते मोठं संग्रहालय. फक्त एवढा बोभाटा कशाला? नकाशा पाठवलास, माहितीपत्रक पाठवलंस, कुठल्या दाराने शिरायचं, पिशवी कुठे ठेवायची, कुठल्या दालनात बसायला बाक आहे. वरात निघाल्यासारखं. चित्रं भिंतीवर आहेत ना? मग भिंत काही पळून जात नाही.

माहितीपत्रकावरचा तो पुतळा बघितला. अंगावर चिंधी नाही. शेजारच्या कुलूपवाल्याला दाखवला तर म्हणाला, "ताई, लोक असे राहायला लागले तर तुमची लॉन्ड्री बसली." मी म्हटलं, "बाबा, ज्याच्याकडे चड्डी नाही तो कुलूप तरी कशाला घेईल?"

अडचण दुकानाची आहे. 'येतो'वाली फळी आता छताला लागलीय. "संध्याकाळी येतो" म्हणून कपडे टाकून जातात आणि संध्याकाळ काही उजाडत नाही. एक कोट तर तू शाळेत होतीस तेव्हापासून लटकतोय. त्याचा मालक परवा रस्त्यात भेटला. मला बघून म्हणतो कसा, "येतो हं ताई!" आणि वळला दुसऱ्या गल्लीत. येतो म्हणून गेलेल्या माणसाला कुणी धरू शकत नाही. ब्रह्मदेवसुद्धा.

तुझ्यासाठी रुमाल पाठवतेय, पांढरे. कोपऱ्यात आपल्या घराची खूण घातलीय लाल दोऱ्याने, दोन उभ्या रेघा, एक आडवी. हरवू नकोस. आणि फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं 'बरी आहे' म्हणतेस. पत्रात खोटं बोलायला जरा तरी मेहनत लागते.

आत्या

---

१२ जानेवारी

आत्या, नमस्कार.

रुमाल मिळाले. एक तर लगेच हरवला, ओरडू नकोस.

काल सुट्टी होती. म्हटलं तुला आणायच्या आधी आपण एकदा चालून बघावं, कुठे पायऱ्या आहेत, कुठे नाहीत. (गुडघ्यांसाठी नव्हे. माझ्या स्वतःच्या समाधानासाठी. झालं?) मागच्या दाराला उतार आहे. पिशव्या ठेवून घेतात आणि बिल्ला देतात, अगदी तुझ्या दुकानातल्यासारखा. तुला तिथे घरीच आल्यासारखं वाटेल.

पहिल्या दालनात नुसती फळं. दुसऱ्यात समुद्र. पुढे राजेराण्या, सगळ्यांच्या झालरी बघून तू म्हणशील, "हे इस्त्री कोण करायचं?" मग एक लांब बोळ आहे आणि त्याच्या टोकाला एक लहानशी खोली. नकाशात ती नाही. तिथे एकच चित्र आहे आणि समोर बाक. एक रखवालदार स्टुलावर बसून पेंगत असतो.

चित्र साधंच आहे, दवाखान्यात बाहेर बसायची खोली असते तसं. भिंतीला लागून खुर्च्या आणि त्यांवर वाट बघत बसलेली माणसं. हातात टोपी धरलेला एक, मांडीवर बोचकं घेतलेली एक, पाय जमिनीला न टेकणारं एक मूल. मागे एक बंद दार. शेवटची खुर्ची रिकामी आणि तिच्या शेजारी करडी शाल पांघरलेली एक म्हातारी. तिच्या तोंडात एकही दात नाही. आमच्या दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या बनवून मी आता माणसाचं तोंडच आधी बघते. ओठ असे आत गेलेले, मला वाटलं माप घ्यावं.

बसले तिथे. किती वेळ बसले कळलं नाही. इतकं बरं वाटलं आत्या. शहरात आल्यापासून कुणासमोर इतका वेळ बसलेच नव्हते. सगळे समोर बघत होते, जणू कुणीतरी यायचं राहिलंय आणि ते आलं की मागचं दार उघडेल.

निघताना गंमत झाली. सवयीने तोंडातून गेलं, "येते हं." चित्राला! आणि मला वाटलं, कुणीतरी "ये" म्हणालं. रखवालदार असेल. पण तो घोरत होता.

तू कधी येतेस ते कळव. मार्चमध्ये गर्दी कमी असते म्हणतात.

तुझी चिमटी

---

१८ जानेवारी

चि. चिमटी,

शहाणी आहेस का? चित्राला 'येते' म्हणायचं? उद्या खांबाला नमस्कार करशील आणि बसच्या कंडक्टरला ओवाळशील.

तुला शिकवलं नव्हतं का, आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, कारण परत यायचं असतं म्हणून. मग जिथे परत यायचं नसतं तिथे 'येते' म्हणायचं नसतं. दुःखाच्या घरून निघताना कुणी म्हणतं का? गुपचूप चपला घालायच्या आणि चालू पडायचं. तुझे आईबाप गेले तेव्हा आपल्या दारातून माणसं कशी निघाली, आठवत नसेल तुला. एकानेही तोंड उघडलं नाही.

चित्रातली माणसं कोण, कुठली, काय माहीत. मेली असतील कधीच. त्यांच्याकडे येते म्हणालीस. म्हणजे गंमतच आहे, मी काही मनावर घेत नाहीये. नुसतं सांगतेय.

मार्चमध्ये येते. कुलूपवाला दुकान बघेन म्हणालाय, म्हणजे गिऱ्हाइकांना चहा पाजून गप्पा मारेल. सांगितलंय त्याला, इस्त्रीला हात लावशील तर हात तिथेच चिकटवीन.

नीट जेवतेस का? पत्रात जेवणाचा एक शब्द नाही. आणि रुमाल कुठे हरवला ते शोध. खूण घालायला डोळे फुटतात माझे.

आत्या

---

१ फेब्रुवारी

आत्या,

रुमाल सापडला. कसा सांगू ते कळत नाही, तेव्हा सरळच लिहिते.

परत गेले होते. एकदा नाही, दोन-तीनदा. परवा गेले तर चित्रातल्या त्या रिकाम्या खुर्चीवर रुमाल आहे. बसमध्ये खिडकीतून टाकून जागा धरतात ना, तसा टाकलेला. पांढरा, एक कोपरा खाली लोंबतोय. मी चित्रापुढे बांधलेल्या दोरीपर्यंत पुढे गेले. कोपऱ्यात लाल आहे. दोन उभ्या, एक आडवी.

रखवालदाराला विचारलं, हा रुमाल आधी नव्हता ना? तो म्हणाला, "बाई, मी इथे केस पिकवले. चित्रात आहे ते आहे." मग म्हणाला, "तुम्ही फार येता हो."

घाबरले असेन असं तुला वाटेल. तेव्हा घाबरले होते. पण घरी आल्यावर खोलीत दिवा लावला, स्टोव्हवर चहा ठेवला, आणि मनात आलं, आत्या, कुणीतरी आपली जागा धरून ठेवलीय. लॅबमध्ये माझं टेबल आहे, पण मी आजारी पडले तर दुसरी बसेल. इथल्या खोलीत माझ्या आधी कुणी राहत होतं आणि माझ्यानंतर कुणी राहील. आणि तिथे कुणीतरी रुमाल टाकलाय. माझाच.

म्हातारीचं तोंड मागच्या वेळी मिटलेलं होतं. आता जरासं उघडं आहे. दात नसले की 'ये' म्हणताना ओठ कसे होतात, ते मला पक्कं माहीत आहे.

चिमटी

---

५ फेब्रुवारी

चिमटी,

दिवसभर त्या बारीक बारीक दातांकडे बघून डोळे गेलेत तुझे. चष्मेवाल्याकडे जा. चित्रकाराने रुमाल काढला असेल, तुला आधी दिसला नसेल. तू लहानपणी डोक्यावर चष्मा ठेवून घरभर माझा चष्मा शोधायचीस. आणि लाल दोरा काय एकट्या आपल्याकडेच आहे?

रुमाल कसा टाकलाय? घडी मोडून की घडीचा? खूण वरच्या बाजूला की उलटी? दोन उभ्यांतली डावीकडची जरा आखूड आहे का? आपल्या घराच्या खुणेत ती आखूड असते, माझा हात तिथे अडखळतो. हे फक्त मला माहीत आहे आणि आता तुला. बघायला मात्र जाऊ नकोस. आठवत असेल तर कळव. आठवत नसेल तर राहू दे.

पुन्हा जायचं नाही तिथे. सुट्टीच्या दिवशी बागेत जा, बाजारात जा, कुणाशी तरी भांड. चित्र बघायला मी आले की दोघी जाऊ.

आत्या

---

२० फेब्रुवारी

आत्या,

डावीकडची आखूड आहे.

तू ओरडशील म्हणून आधीच सांगते, हो, गेले होते. आता कामावरून सुटले की जाते, बंद व्हायच्या आधी थोडा वेळ मिळतो. घंटा वाजली की उठायचं. मी "येते" म्हणते, म्हातारी "ये" म्हणते. एवढंच. त्यात वाईट काय आहे?

भूक लागत नाही हल्ली, पण बरी आहे. लॅबमधल्या बाई म्हणाल्या, तुझे हात गार पडलेत. कवळीचं मेणाचं काम चांगलं होतं गार हाताने.

तुझ्या येण्याचं सगळं ठरवून ठेवलंय. उतारावरून ये. पिशवी ठेव, बिल्ला सांभाळ. फळं, समुद्र, राजेराण्या यांच्याकडे बघत बसू नकोस, वेळ जातो. सरळ बोळात ये. टोकाची खोली. बाकावर बस, मी दिसेनच. माझ्यासाठी थांबायची गरज नाही, मी आधीच तिथे असेन.

एक विचारू? राग मानू नकोस. मी शाळेत जाताना, कामाला निघताना, इथे यायला बस पकडली तेव्हासुद्धा, दरवेळी म्हणायचे, "आत्या, येते." तू म्हणायचीस, "हं, डबा घेतलास का?" नाहीतर "हं, दार ओढून घे." बाकीच्या घरांतून "ये" ऐकू यायचं. मला वाटायचं, आपल्याकडे तसं म्हणत नाहीत. तक्रार नाही. सहज आठवलं.

चिमटी

---

२४ फेब्रुवारी

चिमटी,

मार्चबिर्च काही नाही. येत्या रविवारी येतेय. सकाळची बस. मागच्या दाराशी, उताराखाली, उभी राहा. बाहेर. मी आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कान उघडे ठेवून ऐक. त्या खोलीत मी पुढे, तू मागे.

आणि तोवर 'येते' हा शब्द कुणालाही म्हणायचा नाही. लॅबमधल्या बाईंना पण नाही. निघताना मान हलव, पुरे.

आत्या

---

२६ फेब्रुवारी

आत्या,

एवढी घाई कशाला करतेस? तूच म्हणतेस ना, भिंत पळून जात नाही.

रविवारी बाहेर थांबता येईल असं वाटत नाही. काल बघितलं तर म्हातारीने हात पुढे केलाय. रुमालाचा कोपरा तिने उचलून धरलाय, ज्याची जागा त्याला बसता यावं म्हणून आपण धरतो तसा. टोपीवाल्याने टोपी डोक्यावर घातलीय. बोचकंवालीने बोचक्याला गाठ मारलीय. त्यांच्या मागचं दार किलकिलं झालंय. सगळे फक्त माझ्यासाठी खोळंबलेत. इतक्या लोकांना किती ताटकळत ठेवायचं, मलाच लाज वाटते.

रविवारी येते, असं सांगून आलेय त्यांना. शब्द दिलाय.

तू ये. बाकावर बस. मी दिसेन तुला.

चिमटी

---

१ मार्च

चि. चिमटी,

घरी पोचले. शुक्रवारीच तुझ्या शहरात आले होते. रविवारी येते म्हणाले होते, पण मनात आलं, तुझं रविवारचं त्यांना ठाऊक आहे, माझं शुक्रवारचं कुणाला ठाऊक नाही. तुझं पत्र हातात पडलं तशीच उठले. डोक्याचा चौकड्यांचा रुमाल सोडायलाही थांबले नाही, इस्त्री करताना बांधते तो. बसमध्ये सगळे बघत होते.

आधी तुझ्या लॅबवर गेले. आत आले नाही. रस्त्यापलीकडून काचेतून बघितलं. मान खाली घालून कसलातरी दात घासत होतीस. वाळून कोळ झालीयस. तू एकदा वर बघितलंस, सरळ माझ्याकडे, आणि तुला मी दिसले नाही. तेव्हा मला कळलं की हे पत्रापत्रीने भागणारं नाही.

संग्रहालय मोठं आहे, खरं आहे. उतार चांगला केलाय. पिशवी ठेवणाऱ्या पोराने बिल्ला उलटा दिला, त्याला सांगितलं, बाबा आकडा वर ठेवावा, नाहीतर संध्याकाळी डोक्याला हात लावशील. फळं, समुद्र बघितले नाहीत. राजेराण्यांच्या झालरी जाता जाता बघितल्या. झालर बरी आहे, पण कांजी जास्त झालीय.

टोकाची खोली गार होती. ओलं कापड न वाळवता घडी घालून ठेवलं की वास येतो ना, तो वास होता. चित्र बघितलं. तू लिहिलंस तसंच आहे सगळं. त्यांचे कपडे बघितले. धंद्याची सवय. एकाच्याही कपड्याला कुठे खूण नाही. कुठल्या घरची माणसं, कुणी सांगू शकणार नाही. म्हणून रुमालाला चिकटली असतील. खूण असलेलं तेवढंच एक होतं तिथे.

बाकावर बसले. म्हातारी आणि मी, बराच वेळ एकमेकींकडे बघत होतो. तिच्या वयाची मीही आहे. तिला वाटलं असेल ही बाई कंटाळून उठेल. गिऱ्हाइकांनाही तसंच वाटतं.

मग जे करायचं ते केलं आणि दुपारच्या बसने परत आले.

सोबत तुझा रुमाल पाठवतेय. त्याला तो वास होता, दोनदा धुवावा लागला. आता कडक इस्त्री केलीय. जवळ ठेव, हरवू नकोस. कसा मिळाला ते विचारू नकोस.

तुझ्यावरचं ओझं उतरलं. तू शब्द दिला होतास, तो आता तुझ्या गळ्यात नाही. तरी तिथे जाऊ नकोस. आणि आज घरी जाताना काहीतरी गरम खा.

आत्या

---

६ मार्च

आत्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्याआधी रविवार होऊन गेला होता, तेव्हा तो आधी सांगते.

सकाळी उताराखाली थांबले. तू सांगितलं होतंस म्हणून थोडा वेळ थांबले, खरं म्हणजे पाय आतच ओढत होते. तू आली नाहीस. मग गेले. फळं, समुद्र, बोळ. दारातच रखवालदार उभा होता, पहिल्यांदाच स्टुलावरून उठलेला. मला म्हणाला, "त्या डोक्याला रुमाल बांधलेल्या बाई तुमच्या कोण?"

मी म्हटलं, आत्या.

"परवा येऊन गेल्या," म्हणाला. "चित्राशी भांडत होत्या. मी म्हटलं, ताई, इथे हळू बोलायचं असतं. तर मलाच म्हणाल्या, तू झोप, तुझं चाललंय ते बरं चाललंय." मग म्हणाला, तू चित्रातल्या म्हातारीला म्हणालीस, "पोरगी यायची नाही. तिची जागा आहे घरी, ती मी धरून ठेवलीय तिच्या जन्मापासून. रुमाल टाकला नाही कधी, एवढंच." एवढं त्याला नीट ऐकू आलं. पुढचं तू हळू बोललीस. अगदी दोनच शब्द, म्हणाला. ते बोलून तू डोक्याचा रुमाल सोडलास. त्यानंतर त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तू निघाली होतीस, केस मोकळे, डोक्यावर काही नाही.

मी आत गेले. आत्या, ते नुसतं चित्र होतं. तेलाचा वास येणारं, जरा भेगा पडलेलं. माणसं माझ्याकडे बघतच नव्हती. मी बाकावर बसले तर बाक टोचला. पोटात इतकी भूक उठली की रडू आलं. मान हलवून निघाले, शब्द उच्चारला नाही.

पण निघताना खुर्चीकडे बघितलं. माझा पांढरा रुमाल तिथे नव्हता. तिथे चौकड्यांचा रुमाल आहे. निळा, कडेला इस्त्रीचा डाग, तुझ्या हातून करपला होता तो. घडी घातलेला, दुकानातली तुझी घडी, तिहेरी. आणि म्हातारी माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे खोलीचं दार आहे तिकडे बघत होती. जरा चिडून. खूप वेळ थांबवल्यावर लोक बघतात तशी.

दोन शब्द कुठले, आत्या? 'मी येते' म्हणालीस का? माझ्याऐवजी तू? खरं सांग. मी पुढच्या बसने निघते.

चिमटी

---

११ मार्च

चि. चिमटी,

रखवालदाराला ऐकू आलं नाही ना? बरं झालं. संग्रहालयात हळू बोलावं हा नियम चांगला आहे.

माझा जुना रुमाल कुठे गेला ते मला विचारू नकोस. करपलेलाच होता. नवा घेतला, तांबडा. कुलूपवाला म्हणाला, "ताई, वीस वर्षांनी तरुण दिसता." मी म्हटलं, "तुझ्या कुलपांपेक्षा तुझी जीभ जास्त गंजलीय."

तू भूक लागली म्हणतेस ना, तेवढं मला पुरे. खात जा. आणि रडू नकोस, मी धडधाकट आहे. सकाळपासून हॉटेलच्या चादरींचा गठ्ठा उरकला. दुकान चालूच ठेवणार आहे, फळी रिकामी झाल्याशिवाय बंद करायचं नाही असं ठरवलंय. आणि ती फळी कधी रिकामी होते का? माणसं "येतो, येतो" म्हणतात आणि वर्षं काढतात. त्यांचा मला फार राग यायचा. आता येत नाही. येतो म्हणणाऱ्याने कधी यायचं हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. समोरच्याने बसून राहायचं. वाट बघण्याचं काम मी आयुष्यभर केलं, आता थोडं दुसऱ्या कुणी केलं तर बिघडलं कुठे?

परवा दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते. परत आले तर कुलूपवाला म्हणाला, "ताई, एक म्हातारी येऊन गेली तुमच्याकडे. करडी शाल पांघरलेली. काय म्हणत होती नीट कळलं नाही, तोंडात दात नव्हते. अजून किती वेळ, असं काहीतरी." काउंटरवर ओलसर वास होता. मी फडक्याने पुसून घेतलं.

"आणि तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, ढीग पडलाय इस्त्रीचा. नंतर या."

म्हटलं, बरोबर सांगितलंस. परत आली तर हेच सांग. आज नाही, संध्याकाळी.

तू पुढच्या बसने निघू नकोस, तुझी सुट्टी फुकट जाते. लांब सुट्टी पडेल तेव्हा ये. त्याच्या नंतरच्या सुट्टीलाही ये. निघताना 'येते' म्हण, मोठ्याने म्हण, मी दारात उभी राहीन आणि काय म्हणायचं असतं ते म्हणेन. आत्ताच लिहून ठेवते म्हणजे वाद नको. ये.

ते दोन शब्द कुठले, ते मात्र विचारू नकोस. पत्रात नाही, फोनवर नाही, समोर बसूनही नाही. मी सांगणार नाही. विषय संपला.

आत्या